रविवारच्या आत सल्ला हवा आहे: भाचीची डीएनए चाचणी, पोटगी आणि माझा भाऊ

मृदगंध | बुधवार, रात्री ११:५२

गेली पाच-सहा वर्षं मी इथे नुसती वाचत आलेय. आज पहिल्यांदा धागा काढतेय, आणि तोही अशा गोष्टीसाठी की जिच्याबद्दल घरात मोठ्याने बोलायची सोय उरलेली नाही. नावं-गावं मुद्दाम लिहीत नाही.

माझा धाकटा भाऊ आणि वहिनी दीड वर्षापासून वेगळे राहतात. भाची सहा वर्षांची, आईकडे असते. कोर्टाच्या आदेशाप्रमाणे महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी ती दहा ते पाच आमच्याकडे येते. वहिनीने स्वतःसाठी आणि मुलीसाठी पोटगीचा अर्ज केला, अंतरिम पोटगी मंजूर झाली. भावाने चार महिने भरली आणि मग बंद केली.

कारण घडलं मुलीच्या शाळेच्या फॉर्ममुळे. ती येताना दप्तर घेऊन आली होती, त्यात आरोग्य-तपासणीचं कार्ड होतं. रक्तगटाच्या रकान्यात ‘बी पॉझिटिव्ह’. भाऊ ओ पॉझिटिव्ह, वहिनीही ओ. भावाने त्या रात्री मोबाइलवर तक्ता शोधला: आई ओ, बाप ओ, तर मूल फक्त ओ. तेव्हापासून तो नीट झोपलेला नाही. आधी नुसतं भांडण होतं, आता त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आहे.

परवा कुरियरने एक पाकीट आलं. आत टोकाला कापूस असलेल्या चार काड्या, दोन लहान लिफाफे आणि एक फॉर्म. एका लिफाफ्यावर ‘संभाव्य पिता’ आणि दुसऱ्यावर ‘अपत्य’ असं छापलंय. काडी गालाच्या आतून तीस सेकंद फिरवायची, वाळवायची, लिफाफ्यात घालून पाठवायची. भाऊ म्हणतो, या रविवारी ती आली की दात मोजायचा खेळ खेळू, तिला कळणारही नाही. अहवाल आला की कोर्टात लावायचा आणि पोटगीचा विषय संपवायचा.

आईच्या हाती लागू नये म्हणून ते पाकीट त्याने माझ्याकडे ठेवायला दिलंय. माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. रविवारी ते त्याच्या हातात देऊ का नको? असा अहवाल कोर्टात चालतो का? आणि रक्तगट जुळत नसेल तर त्याची शंका खरी धरायची का?

अ‍ॅड_मानसी | गुरुवार, सकाळी ७:१५

मृदगंधताई, पाकीट तिथेच राहू द्या. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. तुमच्या भावासारखे पक्षकार माझ्याकडे दोन्ही बाजूंनी आलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेकांना वाटतं की कोर्ट विचारणार, ‘हे मूल कुणाचं?’ आणि डीएनए त्याचं उत्तर देणार. कोर्टाचा पहिला प्रश्न तो नसतोच. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात तीच तरतूद कलम ११६ म्हणून आली आहे. वैध लग्न टिकून असताना, किंवा लग्न संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना २८० दिवसांच्या आत मूल जन्मलं, तर ते त्या नवऱ्याचंच औरस मूल, हा निर्णायक पुरावा मानला जातो. तो खोडायला एकच वाट आहे. गर्भधारणा होऊ शकत होती त्या काळात नवरा-बायकोला एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे दाखवावं लागतं. नवरा सलग सहा महिने जहाजावर होता, तुरुंगात होता, असं काहीतरी. ‘आमचं पटत नव्हतं’, ‘आम्ही वेगळ्या खोल्यांत झोपायचो’ याने ते सिद्ध होत नाही.

तेव्हा तुम्हीच सांगा, भाचीच्या जन्माआधीच्या दहा महिन्यांत ही दोघं एका घरात राहत होती का?

चाचणीची मागणी करता येते, पण कोर्ट ती मागितली म्हणून देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितलंय की सहवासाची संधी नव्हती असं प्रथमदर्शनी भक्कमपणे दिसलं पाहिजे, नुसती चाचपणी करायला चाचणी मागता येणार नाही. त्याचे मुलावर आणि आईवर काय परिणाम होतील हेही आधी पाहायचं. त्यानंतरच्या बऱ्याच निकालांचा धागा हाच आहे.

घरी काडी फिरवून आणलेल्या अहवालाचं म्हणाल, तर त्या लिफाफ्यात कुणाची लाळ होती हे कोर्टाला कसं कळणार? आणि २०२३ च्या फेब्रुवारीतला निकाल तर तुमच्या परिस्थितीच्या फार जवळचा आहे. नवऱ्याने खासगी प्रयोगशाळेतून चाचणी करून घेतली होती, अहवाल त्याच्या बाजूचा होता. कौटुंबिक न्यायालयाने रीतसर चाचणीचा आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. सर्वोच्च न्यायालयात न्या. व्ही. रामसुब्रमण्यन आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. आईवर व्यभिचाराचा आरोप असेल तर तो इतर पुराव्याने सिद्ध करा, त्यासाठी मुलाचं शरीर वापरता येणार नाही, असा त्याचा गाभा आहे. आपल्या औरसपणावर कुणी उगाच बोट ठेवू नये हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे, आणि तो आईबापाच्या भांडणात हरवता कामा नये.

भाऊ पोटगी भरत नाही, ती चूक आजच्या आज थांबवा. थकबाकीसाठी वसुली वॉरंट निघतं, आणि तरीही भरली नाही तर तुरुंगवास होऊ शकतो. शंका हे पोटगी न भरण्याचं कारण होऊ शकत नाही.

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, सकाळी ९:४०

मी अकरा वर्षं डीएनए प्रयोगशाळेत काम केलंय. कायद्याचं मानसीताईंनी सांगितलं, मी रक्तगटापासून सुरू करतो, कारण सगळं घर तिथेच अडलंय.

ओ आणि ओ यांचं मूल बी असत नाही, हा तक्ता बरोबर आहे. पण तो बरोबर ठरायला तिघांचेही गट बरोबर नोंदलेले लागतात. तुमच्याकडे तीन नोंदी आहेत. त्यातल्या किती प्रयोगशाळेच्या कागदावर आहेत आणि किती कुणाच्या आठवणीतून आल्यात? वाहन परवान्यावरचा गट माणूस स्वतः सांगतो तोच छापतात. शाळेच्या शिबिरात एका दिवसात शेकडो मुलांचे थेंब काचपट्टीवर पाहतात, तिथे चूक होऊ शकते. चुकीच्या गटाचं कार्ड खिशात घेऊन वर्षानुवर्षं फिरणारी माणसं मी पाहिली आहेत.

एक विरळ अपवादही आहे, आणि तो आपल्याच मातीतला आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असा गट शोधला की ज्यात ए आणि बी ज्यावर बसतात तो एच नावाचा पायाच नसतो. नेहमीच्या तपासणीत तो माणूस ओ दिसतो, पण त्याच्या जनुकांत बी लपलेला असू शकतो आणि तो मुलात उघड होतो. जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. फार थोड्या लोकांत सापडतो, त्यामुळे तुमच्याकडे तेच असेल असं मी म्हणत नाही. पण कुणाच्या चारित्र्याविषयी बोलायच्या आधी भावाने रक्तपेढीत जाऊन स्वतःचा गट पुन्हा तपासावा, पेशी आणि सीरम (रक्तातला पेशींवेगळा पातळ भाग) दोन्ही बाजूंनी. सुई त्यालाच टोचेल. मुलीला नाही.

आता डीएनए. गुणसूत्रांवर ठरावीक जागी डीएनएच्या अक्षरांचा एक लहान तुकडा परत परत आलेला असतो, कुणात १२ वेळा, कुणात १७ वेळा. प्रत्येक जागी आपल्याकडे दोन आकडे असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. समजा एका जागी आई १२ आणि १४ आहे, मूल १४ आणि १७. म्हणजे १७ बापाकडूनच आला. समोरच्या पुरुषाकडे १५ आणि १७ असेल तर ती जागा जुळली, १५ आणि १६ असेल तर नाही. अशा पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त जागा पाहतात. एखादीच जागा जुळली नाही म्हणून कुणी बाप नाही ठरत, कारण पिढी ओलांडताना हे आकडे कधीमधी एकाने बदलतात. अनेक जागा जुळल्या नाहीत तरच पितृत्व नाकारलं जातं.

त्यात आईचा नमुना असला की १७ कुठून आला ते स्वच्छ दिसतं. तुमच्या पाकिटात आईसाठी लिफाफाच नाही. फक्त बाप आणि मूल घेऊनही चाचणी होते, पण तिचा जोर कमी पडतो. अहवालातलं ‘९९.९९ टक्के’ हे अनोळखी, नात्यात नसलेल्या पुरुषाशी तुलना करून काढलेलं असतं. सख्ख्या भावांमध्ये निवड करायची असेल तर वेगळं गणित लागतं आणि एकसारख्या जुळ्यांमध्ये ही चाचणी फरक करूच शकत नाही. बोन मॅरो बदललेल्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए सापडतो. अमेरिकेत २००२ साली सरकारी मदतीसाठी अर्ज केलेल्या एका बाईला चाचणीने सांगितलं की ही मुलं तुमची नाहीत. तिनेच जन्म दिलेली मुलं! तिच्या शरीरात दोन वेगळ्या डीएनएच्या पेशी एकत्र नांदत होत्या, हे नंतर कळलं. हे अगदी विरळ, पण कागदावरचा आकडा नेहमी शेवटचा शब्द नसतो एवढ्यासाठी सांगितलं.

कोर्टाच्या आदेशाने नमुना घेताना दोन्ही पक्ष समोर असतात. ओळखपत्र, फोटो, अंगठा, सह्या, सील. लिफाफा कुणाकुणाच्या हातातून गेला त्याची नोंद राहते. कपाटातल्या पाकिटात यातलं काहीच नाही.

एकटा_शिलेदार | गुरुवार, दुपारी १:०५

सगळे मिळून त्या भावालाच समजावताय. त्याच्या बाजूने कुणी बोलणार आहे का?

विज्ञान एका काडीने उत्तर देऊ शकतं आणि आपण १८७२ चं कलम धरून बसलोय, जेव्हा डीएनएची रचनाही कुणाला माहीत नव्हती. मूल आपलं नाही हे एखाद्याला कळलं, तरी त्याने अठरा वर्षं पैसे भरायचे आणि तोंड मिटून राहायचं? बाईला मूल आपलंच आहे याची खात्री जन्मतःच असते. पुरुषाला ती मागायचाही हक्क नाही? माझ्या जवळच्या मित्राचं आयुष्य यात गेलंय, म्हणून तळमळीने लिहितोय. हा प्रश्न खोटा नाही.

अ‍ॅड_मानसी | गुरुवार, दुपारी ३:३०

शिलेदार, प्रश्न खोटा नाहीच. सर्वोच्च न्यायालयासमोरही तो आला आहे, आणि पुरुषाच्या बाजूने निकालही लागला आहे.

जानेवारी २०१४ चा निकाल पाहा. खटला महाराष्ट्रातलाच, मुलीच्या पोटगीचा. नवरा सुरुवातीपासून सांगत होता की त्या काळात आमचा संबंधच नव्हता. चाचणीचा आदेश झाला, अहवाल ‘पिता नाही’ असा आला. पत्नीने फेरचाचणी मागितली, तीही तशीच आली. न्यायालयाने म्हटलं की कलम ११२ लिहिलं गेलं तेव्हा हे विज्ञान नव्हतं. कायद्याचं गृहीतक आणि शास्त्राने सिद्ध झालेलं सत्य यांची गाठ पडली तर सत्य वरचढ. त्या मुलीची पोटगी थांबली. मात्र तोवर भरलेली रक्कम परत मागता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी एक निकाल आला. घटस्फोटासाठी पत्नीच्या व्यभिचाराचा आरोप होता. न्यायालयाने चाचणीला परवानगी दिली, पण पत्नीला नकार द्यायची मुभा ठेवली. नकार दिला तर तिच्याविरुद्ध अनुमान काढता येईल एवढंच. म्हणजे दार बंद नाही. पण ते कोर्टाने उघडायचं असतं, आणि त्याआधी तुमच्या म्हणण्यात काहीतरी दम दिसावा लागतो. या दोन निकालांतला फरक आणि २०२३ चा निकाल नीट वाचल्याशिवाय कुणी चाचणीचा अर्ज करू नये. अर्धवट वाचून केलेले अर्ज फेटाळले जातात आणि पुढे उलटतपासणीत तेच अंगावर येतात.

पण मला खरी काळजी आणखी एका गोष्टीची वाटते. पोटगीच्या कलमात, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) १४४, औरस आणि अनौरस दोन्ही मुलांचा हक्क आहे. कागदावर असं वाटतं की हा बाप नाही ठरला तर मूल खऱ्या जन्मदात्याकडे मागेल. प्रत्यक्षात काय होतं ते जानेवारी २०२५ च्या निकालात दिसतं. केरळमधल्या एका तरुणाने आईच्या लग्नाबाहेरच्या पुरुषाला जन्मदाता ठरवून उपचारांसाठी पोटगी मागितली होती. न्यायालयाने सांगितलं, तुझ्या जन्माच्या वेळी आईचं लग्न टिकून होतं आणि पती-पत्नीला सहवासाची संधी होती, म्हणून कायद्याने तू त्या पतीचाच मुलगा. दुसऱ्या माणसाला चाचणीची सक्ती करता येणार नाही, त्याचाही खासगीपणा आहे. आता विचार करा, कायदेशीर बापाने हात झटकले आणि दुसऱ्याच्या दारापर्यंत पोचताच आलं नाही, तर ते मूल ना घरचं ना घाटचं.

मृदगंध | गुरुवार, रात्री १०:२०

मानसीताई, तुम्ही विचारलंत ते दहा महिने. दोघं एकाच घरात होती. मधले तीन महिने भाऊ कामासाठी बाहेर होता, पण दर पंधरा दिवसांनी दोन दिवस यायचा.

सूक्ष्मदर्शी, भावाचा गट परवान्यावर आहे आणि त्याने एकदा रक्तदानही केलंय, तेव्हा ओ च सांगितलं होतं. वहिनीचा ओ हा... आता लिहिताना लक्षात येतंय, तो मी कागदावर कधी पाहिलेला नाही. आई म्हणते की लग्नाच्या वेळी बोलणं झालं होतं.

नीरजा_०७ | शुक्रवार, पहाटे ५:४८

रात्रभर लिहू का नको करत होते.

माझ्यावर ही वेळ आली होती. मुलगा चार वर्षांचा होता. नवऱ्याने कोर्टात अर्ज केला, ‘मूल माझं नाही’. माझ्या वकिलांनी सांगितलं की विरोध करा, कायदा आपल्या बाजूचा आहे. मी केला नाही. मी म्हटलं, घ्या नमुना, मला लपवायचं काही नाही. आज वाटतं, तेव्हा मी फक्त माझाच विचार केला.

सरकारी रुग्णालयात आम्हाला बोलावलं होतं. टेबलाच्या या बाजूला मी मुलाला मांडीवर घेऊन, समोर नवरा आणि त्याचे वडील. फॉर्मवर मुलाचा फोटो चिकटवला, त्याच्या अंगठ्याला शाई लावली. त्याला वाटलं रंगकाम आहे, तो खूश झाला. मग सुई टोचली तेव्हा तो माझ्याकडे न बघता ‘बाबा’ म्हणून ओरडला आणि समोरच्या माणसाकडे हात केले. त्या माणसाने हात पुढे केला नाही. त्याने नमुन्याच्या बाटलीकडे पाहिलं.

अहवाल आला. तोच बाप निघाला. पोटगी सुरू झाली. त्या घरातून आजवर एक शब्द आलेला नाही, ‘आमचं चुकलं’ एवढाही नाही. मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. त्याला ते सगळं आठवत नसेल असं मी धरून चालले होते. मागच्या वर्षी त्याने विचारलं, ‘आई, माझा अंगठा का घेतला होता?’

मृदगंध, भाचीला कळणार नाही असं तुमचा भाऊ म्हणतो ना?

एकटा_शिलेदार | शुक्रवार, सकाळी ८:३०

नीरजाताई, वाचून गलबललं. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण मी पुरुषाच्या हक्कापुरताच विचार करत होतो हे मान्य करतो.

परदेशवासी | शुक्रवार, सकाळी ११:१०

संदर्भासाठी: फ्रान्समध्ये न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय पितृत्वाची चाचणी करून घेणं हाच गुन्हा आहे. जर्मनीत २००७ साली घटनात्मक न्यायालयाने चोरून केलेली चाचणी पुरावा म्हणून नाकारली, पण त्याच वेळी संसदेला सांगितलं की ज्याला सत्य जाणून घ्यायचंय त्याला उघड वाट द्या. त्यातून २००८ चा कायदा आला. आई, बाप आणि मूल एकमेकांकडे चाचणीची संमती मागू शकतात, आणि निकाल काहीही आला तरी कायदेशीर बापपण आपोआप जात नाही. जाणून घेणं आणि जबाबदारी टाकणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. मला हे शहाणपणाचं वाटतं.

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, दुपारी १२:००

भारतात न्यायालयाने डीएनएचा पुरावा पहिल्यांदा पाहिला तो गुन्ह्याच्या खटल्यात नाही, पितृत्वाच्या वादात. केरळमधलं थलश्शेरी, १९८९ च्या आसपास. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचे डॉ. लालजी सिंग यांनी साक्ष दिली. तिथे आई आणि मूल मागत होते आणि पुरुष नाकारत होता. उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारींच्या प्रकरणातही मुलानेच २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. मे २०१२ मध्ये नमुना घेतला, जुलैमध्ये निकाल जाहीर झाला, आणि २०१४ मध्ये तिवारींनी त्याला मुलगा म्हणून स्वीकारलं. मुलाने स्वतः, मोठं झाल्यावर, आपणहून मागितलेलं सत्य आणि सहा वर्षांच्या मुलीच्या गालातून खेळाच्या नावाखाली घेतलेला नमुना, यंत्रात दोन्ही सारखेच दिसतात. मला ते सारखे वाटत नाहीत.

उत्तररात्र | शुक्रवार, रात्री ११:३५

या धाग्यावर दुसऱ्या टोकाचंही कुणी असावं म्हणून लिहितो.

माझा अहवाल ‘नाही’ असा आला. पाकीट मागवूनच केली होती चाचणी. मुलगी नऊ वर्षांची होती. अहवाल मोबाइलवर आला, मी पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचला. वर घरात ती माझी वाट बघत होती, विज्ञानाच्या वहीत हृदयाची आकृती काढून हवी होती. मी वर गेलो आणि आकृती काढून दिली. डावी-उजवी झडप चुकली होती, तिनेच दाखवली.

पुढचे सात महिने मी त्या घरात राहिलो नाही. पैसे पाठवत होतो, भेटत नव्हतो. वाटायचं, भेटलो तर फसवणूक मान्य केल्यासारखं होईल. फसवणूक झाली होतीच, त्याबद्दल तिच्या आईला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, आमचा घटस्फोट झाला. पण फसवलं होतं तिने. मुलीने नाही. सात महिन्यांनी शाळेच्या फाटकाबाहेर गेलो तर ती धावत आली नाही. लांब उभी राहिली आणि म्हणाली, ‘माझं काय चुकलं होतं?’

आज ती पंधरा वर्षांची आहे. मी अहवाल कोर्टात लावला नाही. खर्च देतो, शनिवारी भेटतो. शिलेदार म्हणतात तसा माझाही हक्क होता, आणि ज्यांनी तो बजावला त्यांना मी नावं ठेवणार नाही. प्रत्येकाला हे झेपेलच असं नाही. पण एक सांगतो, कळण्याआधीच्या मनःस्थितीत परत जाता येत नाही. तुमच्या भावाला विचारा, अहवाल ‘नाही’ असा आला तर सोमवारी सकाळी तो काय करणार आहे? त्याचं उत्तर जर फक्त ‘पोटगी बंद’ एवढंच असेल, तर त्याने अजून विचार केलेला नाही.

पाऊलखुणा | शनिवार, सकाळी ६:५५

मी ते मूल आहे. आता चौतीस वर्षांची आहे. माझ्या वेळी डीएनए चाचणी आमच्यासारख्या घरांपर्यंत पोचली नव्हती, नुसतं ‘तोंडवळा आपल्यातला नाही’ हे वाक्य होतं. आज्जी, काका, आत्या सगळे म्हणायचे. लहान मुलांना ऐकू येतं.

मृदगंध | रविवार, रात्री १०:४५

पाऊलखुणा, ते वाक्य मी म्हटलं आहे. बारशाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. शाळेचं कार्ड खूप नंतर आलं. भावाच्या डोक्यात पहिला खडा मीच टाकला होता. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं.

काल रात्री मी हा सगळा धागा भावाला वाचायला दिला. तो गच्चीवर जाऊन वाचत बसला. खाली आला तेव्हा काही बोलला नाही. मी त्याला उत्तररात्र यांचा प्रश्न विचारला, सोमवारी सकाळी काय करणार? म्हणाला, ‘माहीत नाही.’

आज ती दहा वाजता आली. तिचा खालचा पुढचा दात हलतोय. आल्या आल्या माझ्यासमोर तोंड उघडून उभी राहिली, ‘आत्या, बघ, जिभेने ढकलला की मागे जातो.’ मग बाबाकडे गेली, त्याच्या गुडघ्यावर चढली, पुन्हा आ केला आणि त्याचं बोट धरून स्वतःच दातावर नेलं. ‘हळू हं, बाबा.’ तिचं तोंड उघडं, त्याचं बोट आत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. त्यानेही हलवली.

पाकीट मी दिलं नाही आणि त्याने मागितलं नाही.

अ‍ॅड_मानसी | सोमवार, सकाळी ८:०५

छान केलंत. आता वकिलांना सांगून वहिनींच्या अर्जाला जोडलेली कागदपत्रं नीट पाहा. बाळंतपणाच्या खर्चाची बिलं, फाइल काही जोडलं आहे का? गरोदरपणात रक्तगट तपासतातच, आणि तो लिहिलेला असतो.

मृदगंध | बारा दिवसांनी, शुक्रवार, रात्री ९:१५

उशीर झाला, माफ करा.

भावाने रक्तपेढीत जाऊन गट पुन्हा तपासला. ओ पॉझिटिव्ह, दोन्ही पद्धतींनी.

आणि कोर्टातल्या कागदांत वहिनीची बाळंतपणाची फाइल होती. अर्जासोबत जोडलेली, पान ४१. आमच्या वकिलांकडे त्याची प्रत कित्येक महिन्यांपासून पडून होती, कुणी उघडली नव्हती. गरोदरपणातल्या पहिल्या तपासणीचा अहवाल, वर शिक्का आणि सही: बी पॉझिटिव्ह. वहिनी कधी ओ नव्हतीच. लग्नाच्या वेळी कोण काय बोललं होतं ते आता आईलाही आठवत नाही.

सूक्ष्मदर्शी, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. गट जुळला म्हणून पितृत्व सिद्ध होत नाही, फक्त आमच्या शंकेचा एकुलता एक आधार गेला. भावालाही ते कळतं. मी त्याला विचारलं, अजून वाटतं का चाचणी करावी? म्हणाला, ‘कधी कधी रात्री वाटतं.’ त्याने खोटं सांगितलं नाही याचं मला बरं वाटलं. पण कोर्टात तसा अर्ज करायचा नाही, हे त्याने वकिलांना सांगून टाकलं. थकलेल्या सहा महिन्यांपैकी तीन महिन्यांची पोटगी परवा भरली, उरलेली पुढच्या तारखेच्या आत भरायची आहे. त्यांचा घटस्फोट बहुतेक होईल. ती भांडणं खरी आहेत.

मी वहिनीला फोन केला. तिला या पाकिटाबद्दल काही माहीत नाही, आणि ते सांगायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी फक्त बारशाच्या दिवशीच्या वाक्याबद्दल माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तिचा दात पडला काल. तुम्हाला दाखवायला जपून ठेवलाय तिने.’